मुंबईचा वक्र आणि विहिरीचे पाणी

साथींच्या गणितावरील कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, तरी त्यात बहुधा मुंबईचा एक आलेख सापडतो. त्याच्या आडव्या अक्षावर 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळातील आठवडे असतात आणि उभ्या अक्षावर मुंबई बेटावर त्या त्या आठवड्यात प्लेगने झालेले मृत्यू असतात. हे आकडे हिवाळ्यात हळूहळू चढू लागतात, एप्रिलच्या मध्यास आठवड्याला नऊशेच्या आसपास पोचतात आणि पावसाळ्यापर्यंत पुन्हा तळाशी येतात. त्या ठिपक्यांमधून घंटेच्या आकाराची एक रेषा काढलेली असते, आणि ती ठिपक्यांना इतकी जवळून बिलगते की साथीसारखी अस्ताव्यस्त घटना एका छोट्या सूत्रात बसते, असा वाचणाऱ्याचा ग्रह व्हावा. हा आलेख प्रथम 1927 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. त्याचे कर्ते होते एडिंबरो येथील एका प्रयोगशाळेत काम करणारे विल्यम ओगिल्वी कर्मॅक आणि अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक. मॅकेंड्रिक यांनी त्याआधीच्याच वर्षी भारतातील एका गावाच्या पटकीच्या साथीवर आणखी एक गणना प्रसिद्ध केली होती, जी मुंबईच्या आलेखाइतकी छापली जात नाही. रोगप्रसाराची गणिती प्रतिमाने कशासाठी उपयोगी पडतात आणि कशासाठी पडत नाहीत, हे या दोन गणना शेजारी ठेवून वाचल्यास जितके स्पष्ट होते तितके नुसत्या सूत्रांवरून होत नाही.

गणिती प्रतिमान म्हणजे एखाद्या घटनेतील अनेक तपशील हेतुपुरस्सर वगळून, उरलेल्या मोजक्या राशी एकमेकींवर अवलंबून कशा बदलतात हे सांगणारी समीकरणे. लोकसंख्येच्या बाबतीत अशी मांडणी बरीच जुनी आहे. थॉमस माल्थस यांनी 1798 मध्ये, आडकाठी नसेल तर लोकसंख्या भूमितीय श्रेढीने, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक पटीने, वाढते असे प्रतिपादन केले. बेल्जियमचे पिएर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्ट यांनी 1838 मध्ये त्याला लगाम घातला आणि जागा व अन्न मर्यादित असल्यास वाढीचा वेग गर्दीबरोबर मंदावत जाऊन संख्या एका कमाल पातळीशी स्थिरावते, हे दाखवणारे समीकरण दिले. ते समीकरण पुढे जवळजवळ विस्मरणात गेले. 1911 मध्ये ते स्वतंत्रपणे पुन्हा मांडले गेले ते भारतातील कामातून: मॅकेंड्रिक आणि एम. केशव पै यांनी पोषक द्रवात वाढणाऱ्या जंतूंची संख्या वेळोवेळी मोजून ती याच नियमाने वाढते असे दाखवले. अमेरिकेतील लोकसंख्येला हा वक्र लावून पर्ल आणि रीड यांनी त्याला प्रसिद्धी मिळवून दिली, त्याच्या जवळजवळ एक दशक आधीची ही गोष्ट आहे.

मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर होते आणि कसौली येथील पाश्चर संस्थेचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले होते. गणिताकडे त्यांना वळवले रोनाल्ड रॉस यांनी. 1901 मध्ये दोघे हिवतापाच्या मोहिमेवर आफ्रिकेतील सिएरा लिओनला बरोबर गेले होते. रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधला, हे सर्वश्रुत आहे. पण त्यांनी स्वतः ज्या कामाला अधिक मोल दिले ते हिवतापाच्या गणिताचे काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. डासांमुळे हिवताप होतो हे मान्य करूनही अनेक डॉक्टरांचे म्हणणे असे होते की गावातील एकूण एक डास मारणे अशक्य असल्याने डास-निर्मूलनाचा उपयोग नाही, आणि लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत अशा मोहिमेला आलेले अपयश ते पुराव्यादाखल पुढे करीत. त्यावर रॉस यांचे उत्तर असे की सगळे डास मारण्याची गरजच नाही. एका रुग्णाकडून डासांमार्फत पुढे सरासरी एकापेक्षा कमी माणसांना लागण होईल, इतकी डासांची संख्या खाली आणली की काही डास शिल्लक असूनही रोग आपोआप नाहीसा होत जाईल. रोगप्रसाराला असा एक उंबरठा असतो ही कल्पना निरीक्षणातून सुचणे कठीण होते, कारण उंबरठा डोळ्यांना दिसत नाही. तो हिशेबातूनच हाती येतो.

कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ होते. 1924 मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात दाहक अल्कली डोळ्यांत जाऊन वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांची दृष्टी कायमची गेली, आणि त्यानंतरचे सारे गणित त्यांनी मनातल्या मनात व इतरांकडून वाचून घेऊन केले. मॅकेंड्रिक 1920 मध्ये आजारपणामुळे भारत सोडून एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे अधीक्षक झाले होते, आणि कर्मॅक तेथेच नोकरीला होते. दोघांपुढचा प्रश्न त्या काळात वादाचा होता: साथ थांबते ती का? लागण होण्याजोगी माणसे संपतात म्हणून, असे काहींचे मत होते, तर जंतूची मारकता पिढ्यानुपिढ्या क्षीण होते म्हणून, असे दुसऱ्या पक्षाचे.

त्यांच्या निबंधाचा जो भाग आज शिकवला जातो त्यात लोकसंख्येचे तीन गट केलेले असतात. पहिल्या गटात अजून लागण न झालेले पण होऊ शकणारे लोक येतात, दुसऱ्यात सध्या आजारी असून इतरांना रोग देऊ शकणारे, आणि तिसऱ्यात बरे होऊन प्रतिकारशक्ती मिळवलेले किंवा मरण पावलेले, म्हणजे या साखळीतून कायमचे बाहेर पडलेले. ‘अवकल समीकरण’ म्हणजे एखादी राशी क्षणोक्षणी किती वेगाने बदलते हे सांगणारे समीकरण; येथे अशी तीन समीकरणे आहेत. नव्या लागणींचा वेग पहिल्या व दुसऱ्या गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, असे त्यांत मानले आहे, आणि हे गृहीत रसायनशास्त्रातून आले आहे, जेथे दोन द्रव्यांतील अभिक्रियेचा वेग त्यांच्या तीव्रतांच्या गुणाकारावर ठरतो. दुसऱ्या गटातून तिसऱ्या गटात जाणाऱ्यांचा वेग मात्र केवळ आजाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. मूळ निबंध याहून पुष्कळ व्यापक होता, कारण लागण होऊन किती दिवस झाले यानुसार रुग्णाची संसर्गक्षमता बदलते हेही त्यात धरले होते. पाठ्यपुस्तकांनी त्यातील सर्वांत सोपे प्रकरण तेवढे उचलले.

या समीकरणांतून जे निघते ते दहा हजार वस्तीच्या एका कल्पित गावावरून सांगता येईल. प्रत्येक रुग्ण, आसपासचे सगळे लागण होण्याजोगे असतील तर, आजारपणाच्या काळात सरासरी दोघांना रोग देतो असे समजू. या सरासरीला ‘मूलभूत पुनरुत्पादन संख्या’ म्हणतात. साथ पसरत जाते तसतसे रुग्णाच्या संपर्कात येणाऱ्यांपैकी अधिकाधिक लोक आधीच आजारी होऊन गेलेले असतात, आणि पाच हजार लोक या फेऱ्यातून गेल्यावर प्रत्येक रुग्णाकडून सरासरी एकालाच लागण होते. त्यापुढे साथ उतरणीला लागते. पण उतरण सुरू होते त्या क्षणी गावात आजाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी असते आणि ते सगळे अजून रोग पसरवत असतात, त्यामुळे साथ पाच हजारांवर न थांबता सुमारे आठ हजारांपर्यंत जाते. उरलेले दोन हजार, ज्यांच्यात कसलीही खास प्रतिकारशक्ती नाही, ते मात्र सुटतात. वादाच्या दोन्ही पक्षांना हे अनपेक्षित होते: लागण होण्याजोगे लोक संपलेले नाहीत, जंतूही दुबळा झालेला नाही, आणि तरी साथ संपते, कारण उरलेल्यांची दाटी उंबरठ्याच्या खाली गेलेली असते. लसीकरणाचे लक्ष्य ठरवण्याचा हिशेब याच उंबरठ्यावरून निघतो. गोवराची पुनरुत्पादन संख्या सर्वसाधारणपणे 12 ते 18 धरली जाते, म्हणजे साथ रोखण्यासाठी दर 12 ते 18 जणांमागे एकापेक्षा जास्त असुरक्षित माणूस राहता कामा नये, आणि म्हणून गोवराच्या लसीकरणात 95 टक्क्यांची अट घातली जाते. 80 टक्के काम झाले ही इतर ठिकाणी समाधानाची बाब असेल, गोवराच्या बाबतीत ती नाही.

येथवरचा युक्तिवाद तर्काचा आहे आणि तो भक्कम आहे. अडचण सुरू होते ती मुंबईच्या आकड्यांपाशी.

समीकरणे नेमकी सोडवता येत नसल्याने कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी, साथ एकूण लोकसंख्येच्या मानाने लहान आहे असे धरून, एक निकटमान काढले. त्यातून दोन्ही बाजूंनी सममित अशी घंटेच्या आकाराची रेषा मिळते, जी तीन आकड्यांनी पूर्ण ठरते: शिखराची उंची, रुंदी आणि शिखर येण्याची वेळ. मुंबईसाठी त्यांनी उंची आठवड्याला 890 मृत्यू धरली आणि शिखर सुरुवातीपासून सतराव्या आठवड्यात येते असे दाखवले. या रेषेखालील मृत्यूंची बेरीज सुमारे 8,900 भरते. रुग्णांऐवजी मृत्यू मोजले तरी चालेल, कारण नोंद झालेल्या रुग्णांपैकी किमान 80 ते 90 टक्के दगावतात, असे समर्थनही त्यांनी दिले. 1906 च्या गणतीनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे पावणेदहा लाख होती. म्हणजे शंभरातील जेमतेम एका माणसाला लागण झालेली असताना साथ ओसरली, आणि ती का ओसरली याचे स्पष्टीकरण प्रतिमान असे देते की लागण होण्याजोगे लोक पुरेसे कमी झाले. हे पटण्यासारखे नाही.

त्याहून मूलभूत आक्षेप रोगाच्या स्वरूपाचा आहे. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा होतच नाही. तो उंदरांचा रोग आहे आणि उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो. परळच्या प्रयोगशाळेत 1905 पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने नेमके हेच त्या काळात प्रयोगांनी सिद्ध केले होते: आधी उंदीर मरतात आणि काही दिवसांनी त्याच वस्तीत माणसे आजारी पडू लागतात. शिवाय 1896 मध्ये मांडवीत प्लेग प्रथम आढळल्यापासून मुंबईत तो वर्षानुवर्षे बहुतेक त्याच ऋतूत उसळत असे आणि त्याच ऋतूत खाली जात असे. साथ केवळ असुरक्षितांची संख्या घटल्यामुळे संपत असती, तर ती दरवर्षी कॅलेंडर पाहून संपली नसती. हवेतील उष्मा आणि आर्द्रता, पिसवांचे आयुष्य, उंदरांच्या पिढ्या यांचा त्यात मोठा हात असला पाहिजे. 2012 मध्ये फ्रेंच गणिती निकोला बकाएर यांनी उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांचा समावेश करून मुंबईच्या या आकड्यांचा पुन्हा हिशेब केला आणि मूळ रेषेतून काढलेल्या राशी वास्तवाशी जुळत नाहीत हे दाखवले.

मग रेषा इतकी छान जुळली कशी? उत्तर साधे आहे आणि या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एकदाच चढून उतरणाऱ्या कोणत्याही आकड्यांच्या मालिकेला उंची, रुंदी आणि जागा असे तीन आकडे हवे तसे निवडण्याची मोकळीक असलेली घंटाकार रेषा बऱ्यापैकी बसते, मग चढ-उताराचे कारण असुरक्षितांची घट असो, ऋतू असो वा उंदरांचा मृत्यू. जुळणी झाली एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, कारण अनेक परस्परविरोधी कारणे त्याच रेषेला जन्म देऊ शकतात. मूळ कर्त्यांना याची पूर्ण जाणीव होती. माणसातील प्लेग हा उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, आपली गृहीतके काटेकोरपणे खरी नाहीत, आणि या रेषेवरून राशींच्या प्रत्यक्ष किमतींविषयी अनुमाने काढू नयेत, अशा आशयाचा इशारा त्यांनी त्याच पानांवर दिला आहे. पाठ्यपुस्तकांनी आलेख घेतला आणि इशारा सोडला. विद्वानांच्या जगातही चित्र तळटीपेपेक्षा लांब प्रवास करते.

पटकीच्या गावाची कथा याच्या उलट आहे. 1926 च्या निबंधात मॅकेंड्रिक यांनी भारतातील एका गावातील 223 घरांची यादी घेतली आहे. त्यांपैकी 168 घरांत पटकीचा एकही रुग्ण नव्हता, 32 घरांत एकेक, 16 घरांत दोन-दोन, 6 घरांत तीन-तीन आणि एका घरात चार, असे एकूण 86 रुग्ण होते. प्रत्येक घराला धोका सारखाच असेल आणि रुग्ण योगायोगाने विखुरले असतील, तर किती घरांत किती रुग्ण पडावेत हे सांगणारे एक जुने सूत्र आहे, जे फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या नावाने ओळखले जाते. ते सगळ्या 223 घरांना लावले तर एकच रुग्ण असलेली सुमारे 58 घरे मिळायला हवीत, पण प्रत्यक्षात ती 32 आहेत. तीन रुग्णांची घरे एक-दोनच निघायला हवीत, पण ती 6 आहेत. प्रतिमान जुळत नाही.

मॅकेंड्रिक यांनी येथे सूत्र बदलले नाही. गावाविषयीचे गृहीत बदलले. रुग्ण नसलेली 168 घरे बाजूला ठेवून केवळ उरलेल्या 55 घरांच्या वाटणीवरून, धोक्यात असलेली एकूण घरे किती असावीत असा उलटा प्रश्न त्यांनी विचारला, आणि उत्तर सुमारे 93 आले. 93 घरे धरली की सूत्र एक रुग्णाची 34, दोनांची 16, तिघांची 5 आणि चौघांचे एक घर सांगते, जे निरीक्षणाच्या अगदी जवळ आहे. धोक्यात असूनही निव्वळ नशिबाने सुटलेली घरे सुमारे 37 भरतात. उरलेली जवळपास 130 घरे मुळात धोक्यातच नव्हती. पटकी पाण्यातून पसरत असावी, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि या 93 घरांचे पाणी एकाच दूषित विहिरीचे असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि पुढील स्थानिक चौकशीत तसेच आढळल्याची नोंदही केली. घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याला रोग जात असता, तर काही घरांत रुग्णांचे पुंजके झाले असते आणि 93 घरे धरूनही ही वाटणी इतकी सुरळीत बसली नसती, हाही त्यातला एक बारकावा आहे. अपुऱ्या माहितीवरून न दिसणारी संख्या काढण्याची ही रीत आजच्या संख्याशास्त्रातील एका अत्यंत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीची पूर्वज मानली जाते.

मुंबईत रेषा जुळली आणि त्यातून प्लेगविषयी नवे काहीच कळले नाही. गावात सूत्र जुळले नाही आणि विहीर सापडली. प्रतिमानाचे खरे काम बहुधा हेच आहे: आपण जे गृहीत धरले आहे ते सगळे खरे असते तर काय दिसले असते हे नेमक्या आकड्यांत सांगणे, म्हणजे प्रत्यक्षातील तफावत कोठे आहे ते शोधता येते. भाकीत हा त्याचा दुय्यम आणि बऱ्याचदा फसवा उपयोग आहे.

‘सगळे सगळ्यांत सारखेच मिसळतात’ हे 1927 च्या समीकरणांतील गृहीत किती महाग पडू शकते, हे मुंबईतच 2020 मध्ये दिसले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये बृहन्मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांतील तीन प्रभागांत सुमारे सात हजार लोकांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा झोपडपट्ट्यांतील 57 टक्के लोकांमध्ये कोरोना विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, आढळली, तर त्याच प्रभागांतील इमारतींमध्ये हे प्रमाण 16 टक्के होते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना जणू दोन वेगळ्या साथी चालू होत्या, आणि दोन्ही बाजूंची सरासरी काढून मिळणारा आकडा त्यांपैकी एकाही बाजूचे वर्णन करत नव्हता. अधिकृत रुग्णसंख्येच्या दैनंदिन आलेखावर रेषा बसवणाऱ्या प्रतिमानांना हा भेद दिसण्याचा मार्गच नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, खबरदारी चालू राहिल्यास फेब्रुवारी 2021 पर्यंत साथ आटोक्यात येईल असे अनुमान प्रसिद्ध केले. त्या फेब्रुवारीतच अमरावती आणि यवतमाळकडे रुग्णसंख्या चढू लागली आणि पुढच्या दोन महिन्यांत दुसरी लाट देशभर पसरली. समितीचे गणित चुकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या विषाणूचे तोवरचे वर्तन त्याने बऱ्यापैकी पकडले होते. पण विषाणूचा अधिक संसर्गजन्य प्रकार येणे आणि लोकांनी पुन्हा एकमेकांत मिसळू लागणे या दोन्ही गोष्टी समीकरणात स्थिर धरलेल्या राशींमध्ये होत्या, आणि स्थिर धरलेली राशी हललेली आहे की नाही हे समीकरण स्वतः सांगू शकत नाही. ते रक्ततपासणी, विषाणूच्या जनुकीय क्रमाची नोंद आणि सांडपाण्यातील विषाणूचे मोजमाप यांतूनच कळते.

आजची प्रतिमाने तीन गटांवर थांबत नाहीत. वय, घरातील माणसे, शाळा, कामाची जागा, लोकलचा प्रवास यांनुसार शहरातील लाखो कल्पित व्यक्तींची संगणकात एकेक करून नोंद ठेवणारी आणि त्यांच्या भेटीगाठींवरून रोगाचा प्रसार चालवणारी प्रतिमाने भारतातही तयार झाली आहेत. त्यांना खाद्य मात्र तपशिलाचे लागते: कोणत्या प्रभागात किती लोक राहतात, एका खोलीत किती झोपतात, दिवसाकाठी कोण कोणाला भेटतो. 2021 ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने यातील पहिलाच आकडा 2011 च्या गणतीवरून पुढे ओढून काढावा लागत आला आहे, आणि तो पुढे ओढण्यासाठी जे समीकरण वापरले जाते तेही, व्हेरहुल्स्ट यांच्या समीकरणासारखेच, वाढीच्या काही राशी स्थिर धरून मांडलेले असते.